पहिली सकाळची

सकाळी सातला अशोक चौकातल्या लॅबचं शटर
मी अर्धंच उघडते.
पूर्ण उघडलं की गर्दी होते.
वाकून आत येतात उपाशी पोटं,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बाटल्या,
कुणी पिशवीत तळाशी, कुणी पदराआड,
चोरीचा माल असावा तशा.

राजेशम गड्डम, वय छप्पन्न, टॉवेलचे चार माग,
छातीत दोन स्प्रिंगा.
पहिल्या वर्षी काउंटरला टेकून म्हणाला,
"बाई, दुखतंय इथं
आणि डॉक्टर बाटली मागतात तिथली.
पत्ता चुकला काय त्यांचा?"

मी हसले नाही. त्या वेळेला हसू येत नाही.
सांगितलं, रक्तात एक प्रथिन असतं, अल्ब्युमिन.
गाळणी धड असेल तर ते आतच राहतं.
शिरा आतून झिजायला लागल्या
की तिथून झिरपतं, इतकं थोडं
की डोळ्याला दिसत नाही, फेसही येत नाही.
तक्रार हृदयाचीच,
खालच्या दारानं आलेली.

त्यानं ऐकलं. मग विचारलं,
"पहिल्या धुण्यात रंग जातो, तसं?"

पंधरा वर्षं हे मशीन चालवत होते मी.
हो म्हटलं. तसंच.
"मग कापड वाईट नसतं बाई.
जपून धुवायचं. पिळायचं नाही.
कडक उन्हात टाकायचं नाही."
आणि सोलापूरच्या मे महिन्यात
डोक्यावर काही न घेता निघून गेला.

आकडा आला दोनशे बारा.
तीसच्या आत असावा लागतो.

रजिस्टरमध्ये त्याच्यासारखी तीनशे नावं.
शेवटचा रकाना इतका अरुंद
की एकच अक्षरी शब्द मावतो: हो.
'नाही' लिहिताना काना रेघेबाहेर जातो.
दर जानेवारीत मी फोन लावते.
पलीकडे मागाचा खडखडाट ऐकू आला
की पुढचं विचारत नाही.

डॉक्टरांनी त्याचा आलेख काढला.
दोन रेषा, दोन्ही जिन्यासारख्या उतरणाऱ्या,
तीसच्या वरच्यांचा जिना उभा, घाईचा.
प्रत्येक पायरी म्हणजे कुणीतरी.
जोडभावी पेठेतल्या एक शिक्षिका, आकडा नऊ,
तिसऱ्याच वर्षी पायरी झाल्या.
आणि दोनशे बारावाला गड्डम
दर वर्षी बाटली घेऊन हजर,
"एमी लेदु बाई, काही नाही मला,"
गोळ्यांचं रिकामं पाकीट पुरावा म्हणून दाखवत.
रेषेला हे दोघं ठाऊक नाहीत.
मला आहेत, म्हणून मला रेषा काढता येत नाही.

नवव्या वर्षी त्याची बायको आली, पुष्पव्वा.
साडेनऊ झाले होते. शटर पूर्ण वर.
नखांत तंबाखू, विडीच्या कारखान्यातली.
टॉवेलात गुंडाळलेली बाटली ठेवली.
"पाचला भरली त्यांनी.
सहाला चहा ठेवला मी, तर..."
पुढे हातानंच सांगितलं.
"तुम्हीच म्हणालेल्या ना, पहिली सकाळची पाहिजे.
घरी माणसं जमलीत. जाते लगेच."

लाल बादली पायाशीच होती.
बाटली मी मशीनला लावली.
ती उभी राहिली, बसली नाही,
आत चकती फिरत होती तोवर
भिंतीवरच्या रेट कार्डाकडे बघत.

एकशे चाळीस.
"कमी आला?"
कमी आला, म्हटलं.

नमुन्याची वेळ: पहाटे पाच.
शेवटच्या रकान्यात 'हो' लिहिलं.
त्या वेळेपुरतं ते खोटं नव्हतं.
जानेवारीचा फोन अजून लांब होता.

तिनं कनवटीचे पैसे काढले.
नको म्हटलं, तरी मोजून ठेवले,
टॉवेलाची घडी घातली आणि पावती मागितली.
हात सवयीनं पुस्तकाकडे गेला,
तोंड सवयीनं म्हणालं, नाव?

"त्यांचंच लिहा," ती म्हणाली.